सुरई वाढली

आमच्याकडे एका लेकराचा वाढदिवस दोनदा होतो. पहिल्यांदा ते मित्रमैत्रिणींना घेऊन येतं, चिखलात हात घालतं, केक खातं, ओवाळून घेतं आणि घरी जातं. दुसऱ्यांदा पंधरा-वीस दिवसांनी येतं, भाजून निघालेलं आपलं भांडं न्यायला. पहिल्या दिवशी घाई असते ती आयांना, फोटोंची. दुसऱ्या दिवशी घाई लेकरांना. मला विचाराल तर खरा वाढदिवस दुसराच.

लातूरहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची पत्र्याची शेड आहे. मी उमरीच्या कुंभाराची लेक आणि लातूरच्या कुंभाराची सून. चाळीस वर्षं माठ, रांजण, चुली, पणत्या, संक्रांतीची सुगडी हेच केलं. सहा वर्षांपूर्वी माझी सून मनीषा म्हणाली, “आत्या, लोक हॉटेलात लेकरांचे वाढदिवस करून राहिले. आपण आपल्या शेडमध्ये करू की.” मी तिला वेड्यात काढलं. चिखलात खेळलं म्हणून मार खाल्लेली माणसं आम्ही, आणि आता आयाबाप पोरांना चिखलात खेळवायला गाडीतून आणणार? पण आणलं त्यांनी. पहिल्या रविवारी दहा पोरं आली, जाताना एकाचंही तोंड ओळखू येत नव्हतं, आणि एक बाई मला म्हणाली, “काकू, हा पहिल्यांदा दोन तास मोबाइल न मागता बसला.” तेव्हापासून माझा एक रविवार मोकळा गेलेला नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. गोळा घ्यायचा, चाकावर ठेवायचा, झालं. अहो, त्या गोळ्याच्या आधी आठ दिवसांचं काम असतं. तळ्याची माती आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजत घालायची आणि मग मळायची. मळताना आत वारा राहिला की भट्टीत भांडं गेलंच म्हणून समजा. लेकरांना मी भाकरीच्या उंड्याएवढा गोळा देते आणि आधी तो जोरात आपटायला लावते. हे त्यांना सगळ्यात आवडतं. भांडं झालं की ते सावलीत सुकवायचं, उन्हात नाही. पूर्ण सुकलं की भट्टी. आणि बुडाला ओल आहे तोवर कुणी कितीही घाई केली तरी भट्टीत घालायचं नाही, हे मी स्वतः सगळ्यांना शिकवते. का सांगते ते पुढे कळेल.

दुसरं मी प्रत्येक टोळीला सांगते ते म्हणजे माती आटते. वीतभर उंचीचं केलेलं भांडं भाजून बोटभर कमी होऊन बाहेर येतं. लेकरांना हे पटत नाही, म्हणून मी बुडाला प्रत्येकाला अंगठा दाबायला लावते. भांडं न्यायला येतात तेव्हा त्या खड्ड्यात अंगठा बसत नाही, आणि पोरं ओरडत सुटतात की मी मोठा झालो. मी हसते, त्यांचा आनंद मोडत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका बापानं मुलाला पांढरा सदरा घालून आणला आणि डाग पडला म्हणून माझ्याशी भांडला. मी म्हणलं, तुम्ही कुंभाराकडे आलात, दूधवाल्याकडे नाही. एका आजीनं केकवरची मेणबत्ती फुंकू दिली नाही. लेकराच्या वाढदिवसाला दिवा विझवतात व्हय, म्हणून अडून बसली. मला त्या बाईचं पटलं. आम्ही पणत्या लावल्या, ओवाळलं आणि केक नुसताच कापला. आता आमच्याकडे हाच रिवाज आहे. आणि इस्लापूरकडचे एक आजोबा नातवाच्या वाढदिवसाला आले, कोपऱ्यात बसले, अर्धा तास बघितलं आणि मग धोतर खोचून चाकावर बसले ते उठेचनात. सगळी पोरं त्यांच्याभोवती. नातू रुसून बसला की वाढदिवस माझा आहे का आजोबाचा. आजोबा म्हणाले, “माझाबी कधी झालाच न्हाई की रे.” मनीषानं मग त्यांनाही टिळा लावून ओवाळलं. असे दिवस आले की या धंद्याबद्दल मला फार बरं वाटतं. उतारवयात देवानं माझ्या अंगणात रोज नवी लेकरं पाठवली, याला मी काय म्हणू.

आता जी गोष्ट सांगायला बसले आहे ती.

माझ्या सासूचा एक नियम होता. शेडमध्ये ‘फुटलं’ हा शब्द काढायचा नाही. भांडं तडकलं, भंगलं, तुकडे झाले, काहीही झालं तरी ‘वाढलं’ म्हणायचं. देवापुढं नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी वाढवली म्हणतात. तसंच हे. नवी नवरी असताना मी एकदा भट्टी लागलेली असताना म्हणून गेले की आत काहीतरी फुटलं वाटतं. सासू चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि योगायोगानं त्या वेळचा अर्धा माल खराब निघाला. मग मला कशाची हिंमत होते? चाळीस वर्षांत माझ्या तोंडून तो शब्द गेला नाही. सासू गेली, नियम राहिला. मनीषासुद्धा शिक्षण एवढं घेऊन ‘वाढलं’च म्हणते.

ईश्वरी नावाची एक पोरगी पहिल्यांदा आली त्या दिवसाची सुरुवातच मी चुकीनं केली. दोन गाड्यांतून बारा लेकरं उतरली. त्यांत एक सगळ्यात लहानगी, दुसरीतली वाटावी अशी, हातात फुगा धरून उभी होती. मी लाडानं विचारलं, “तुझ्या ताईचा वाढदिवस आहे का गं?” बाकीची पोरं खिदळली. ती नाही हसली. म्हणाली, “माझाच आहे. मला नऊ पूर्ण झाली.”

मी जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. तिची आई सुवर्णा मॅडम, मुरुडच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, वर्गात सगळ्यात बुटकी म्हणून हिला चिडवतात. नांदेडच्या डॉक्टरांचा इलाज चालू आहे. दर तीन महिन्यांनी तिथं जाऊन उंची मोजतात, आणि मोजायच्या आदल्या दिवशी ही पोरगी जेवत नाही. तेवढं आज उंचीचं काही काढू नका. मी मान हलवली. काढायचं ते तर मी काढून बसले होते.

मग मी दिवसभर तिच्यामागंच होते. बाकीची लेकरं वाट्या, कप, गणपती करत होती. तिनं विचारलं, “आजी, सगळ्यात उंच काय करता येतं?” मी म्हणलं, सुरई. लांब मानेची, पूर्वी पाणी गार ठेवायला असायची. ती म्हणाली, तीच करायची. चाकापर्यंत हात पोचेना म्हणून पाटावर पाट ठेवून तिला बसवलं. दोनदा मान वाकडी होऊन पडली. तिसऱ्यांदा मी आतून एक बोट लावलं, पण वर ओढली तिनंच. उभी राहिली. तिनं कंपासमधली पट्टी मागवून मोजली, वीस सेंटिमीटर. मग बुडाला अंगठा दाबला.

माती आटते हे ऐकल्यावर तिनं मला विचारलं, “सगळ्यांची आटते?” मी म्हणलं, सगळ्यांची. “एकाचीपण वाढत नाही?” मी म्हणलं, माती आहे बाई ती, झाड नाही. ती जरा वेळ सुरईकडं बघत राहिली आणि मग केक खायला गेली.

आता माझी चूक. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दोन वाढदिवसांची लेकरं भांडी न्यायला येणार होती, त्यासाठी भट्टी लावली. वर थोडी जागा होती. ईश्वरीची सुरई हाताला सुकलेली लागली, पण बूड जाड होतं, आतून ओल असणार हे मला कळत होतं. चाळीस वर्षांचा हात माझा, न कळायला काय झालं? तरी घातली. जागा वाया जाऊ नये एवढ्यासाठी. ओलीची वाफ झाली आणि सुरई गेली. बाकी सगळी भांडी चांगली निघाली.

दुसऱ्या दिवशी मनीषा माहेरी जायच्या गडबडीत होती. असले निरोप तीच देते, पण त्या दिवशी मी म्हणलं, चूक माझी, मीच सांगते. सुवर्णा मॅडमना फोन लावला. उचलला ईश्वरीनं. मी म्हणलं, “ईश्वरी, बाळा, तुझी सुरई वाढली गं.” पुढं म्हणणार होते की तू ये, आपण नवी करू. पण तिकडून अशी किंकाळी आली की मी फोन कानापासून लांब धरला. “आई, माझी सुरई वाढली!” आणि फोन बंद.

मी मनीषाला म्हणलं, अगं, ही पोरगी तर खूश झाली. मनीषा हातातली पिशवी खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, “आत्या, तिला काय कळलं असंल?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथंच पाटावर बसले. परत फोन लावला, उचलला नाही. त्या दोघी स्कूटीवर निघाल्यासुद्धा होत्या.

मनीषाचं डोकं माझ्यापेक्षा भरभर चालतं. तिनं मांडणीवरून तिची स्वतःची एक सुरई काढली, तसाच रंग, जरा उंच. म्हणाली, हीच देऊ, लेकराचं मन राहील. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणलं नाही. गप्प राहिले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर मी खरेपणाचा मोठा आव आणल्यासारखं वाटेल. आधी मी गप्प राहिले होते.

ईश्वरी पळत आत आली. मनीषानं सुरई तिच्या हातात दिली. पट्टी तिनं सोबतच आणली होती. मोजली, तेवीस भरली. त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सांगता येत नाही. आईला म्हणाली, सगळ्यांच्या आटल्या, माझीच वाढली. सुवर्णा मॅडम माझ्याकडं बघत होत्या, त्यांना मेळ लागत नव्हता. मी खाली बघत होते.

मग तिनं सुरई उलटी केली. बुडाला अंगठाच नव्हता. तिनं तळहात फिरवून पाहिलं, परत पाहिलं आणि सुरई हळूच खाली ठेवली. म्हणाली, “ही माझी नाही. माझी कुठंय?”

मी उठले आणि घमेल्यातले तुकडे आणून तिच्यापुढं ठेवले. म्हणलं, ही तुझी. तिनं बघितलं आणि म्हणाली, “ही तर फुटलीय.”

चाळीस वर्षांनी त्या शेडमध्ये तो शब्द निघाला. मी तिला सासूचा नियम सांगितला, नारळ सांगितला, बांगडी सांगितली. माझ्या घाईनं फुटली हेही सांगितलं. ती ऐकत होती. बुडाचा तुकडा शाबूत होता, त्यात तिचा अंगठा होता. मनीषा समजूत घालायला म्हणाली, बघ, घालून बघ, अंगठा बसत नाही, म्हणजे तू मोठी झालीस. ईश्वरी म्हणाली, “खड्डा आटलाय.”

मग ती आईकडं वळली. तिनं जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“आई, मी वाढले म्हणतेस, ते पण असंच असतं का?”

सुवर्णा मॅडमनी लगेच ‘नाही गं’ म्हणायला पाहिजे होतं. त्यांना ते म्हणता आलं नाही. मला नंतर त्यांनी सांगितलं, डॉक्टरांकडचा आकडा त्या तिला कधी कळू देत नसत. घरी स्वयंपाकघराच्या दाराला त्या पेन्सिलीनं खूण करायच्या आणि दर वेळी खूण जराशी वर करायच्या. लेकरू दोन दिवस हसतं, जेवतं, म्हणून. कोण आई करणार नाही? पण त्या क्षणी त्या नुसत्या उभ्या होत्या, आणि पोरीला उत्तर मिळून गेलं होतं.

मला कसं सुचलं देव जाणे. मी मनीषाला टेप आणायला सांगितला. ईश्वरीला म्हणलं, चल, भिंतीला लागून उभी राहा, मी मोजते. जे असेल ते सांगते, एक सूतसुद्धा इकडचं तिकडं करणार नाही. ती म्हणाली, “आधी तुम्ही.” टेपवर विश्वास नव्हता तिचा, का माझ्यावर, कोण जाणे. मी चपला काढून भिंतीला उभी राहिले. तिनं पाटावर पाट ठेवला, त्यावर चढली, माझ्या डोक्यावर पट्टी आडवी ठेवून गेरूनं रेघ मारली. एकशे एकावन्न. मग मी तिची मोजली. एकशे बारा.

“घरी एकशे चौदा आहे,” ती म्हणाली. आईकडं बघितलं नाही. मी म्हणलं, इथं एकशे बारा आहे. ती म्हणाली, बरं. आणि भिंतीवर आपल्या हातानं तारीख घालून लिहिलं.

संध्याकाळी सुवर्णा मॅडमचा फोन आला. फार बोलल्या मला. तुम्हाला काय अधिकार होता, दोन वर्षं मी हिला सांभाळून राहिले, तुम्ही अर्ध्या तासात सगळं मोडलं. मी ऐकून घेतलं. त्यांचं चुकीचं नव्हतं. मीही रात्री भाकरी तशीच झाकून ठेवली. सुरई फोडली ती फोडली, आता लेकरूपण फोडलं का काय, असं वाटत राहिलं. तोंडाला येईल ते बोलून टाकायचा माझा स्वभाव, त्यानं आजवर गिऱ्हाइकं गेली होती, पण असा घोर कधी लागला नव्हता.

तीन महिने काही कळलं नाही. मग एका शनिवारी दोघी आल्या. दुसऱ्या दिवशी नांदेडला जायचं होतं. सुवर्णा मॅडम दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “ही म्हणते, आजीकडं मोजल्याशिवाय नांदेडला येणार नाही. आजी खोटं बोलत नाहीत म्हणते.” मला काय वाटलं ते काय सांगू. मनीषाची सुरई पुढं केली तेव्हा मी गप्प बसले होते, ते त्या पोरीनं माझ्या पदरात घातलं नाही. टेप काढला आणि मोजलं. एकशे बारा. मी म्हणलं, नाही वाढलीस. तिनं भिंतीवर लिहिलं, हात धुतले आणि म्हणाली, आता सुरई करू. त्या दिवशी पोटभर जेवली ती आमच्याकडं, मनीषानं केलेलं पिठलं आणि भाकरी. आई बघत होती. जाताना सुवर्णा मॅडम माझा हात धरून उभ्या राहिल्या. नंतर त्यांनीच सांगितलं, घरी जाऊन त्यांनी दारावरच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्या.

दोन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी ती येते. कधी नाही वाढली, कधी अर्धा सेंटिमीटर, एकदा दीड. दीड आलं त्या दिवशी मी तीनदा मोजलं, मलाच खरं वाटेना. मी सांगितलं तेव्हा ती डोळे बारीक करून म्हणाली, “आजी, नारळासारखी नाही ना?” मी इतकी हसले की मला धाप लागली. वर्गात ती अजून सगळ्यात लहानच आहे. पण कुणी विचारलं तर आकडा सांगते म्हणे, पॉइंटसकट, आणि चिडवणारा गप्प होतो. सुरया तिला आता माझ्या बोटाशिवाय येतात. आणि आमच्या शेडमध्ये फुटलेल्या भांड्याला फुटलं म्हणतात. सासूची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे.

चाळीस वर्षं मी माती घडवली आणि सहा वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचे वाढदिवस केले. त्यांतल्या कितीतरी लेकरांची नावंसुद्धा आता आठवत नाहीत. या एका लेकराचे उपकार मात्र माझ्यावर आहेत. माझ्या चुकीवर पांघरूण न घालता तिनं मला आपलं मानलं.

परवा ती आली, मोजून झालं, एकशे सोळा. भिंतीवर लिहिलं तिनं. मग टेप माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, “आता तुम्ही. दोन वर्षांत तुमची कुठं मोजली?” मी म्हणलं, माझं काय मोजतेस, माझं वय झालं. पण ऐकेना. चपला काढून मी भिंतीला उभी राहिले. तिला अजून पाट लागतो, पण आता एकच. तिनं पट्टी ठेवली, वाकून बघितलं, परत ठेवली, परत बघितलं. मनीषा काम सोडून आमच्याकडं बघायला लागली.

“सांग की,” मी म्हणलं.

“आजी,” ती म्हणाली, “तुम्ही एक सेंटिमीटर कमी झालात.”

मी म्हणलं, “लिही.”